मुळशीचे पाणी आणि दोन समुद्र

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, जुलै महिन्यात पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणीकडे निघालात, तर एक गोष्ट डोळ्यांनी पाहायला मिळते. चांदणी चौकात पाऊस नुसता भुरभुरत असतो. पौडला तो अंगावर येऊ लागतो. मुळशीचा जलाशय दिसू लागला, की गाडीचे वायपर हात टेकतात आणि ताम्हिणीत तर समोरचा रस्ताच नाहीसा होतो. पुण्यात वर्षभरात सरासरी ७५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ताम्हिणीत त्याच्या कितीतरी पट पडतो. हा सगळा फरक साठ-सत्तर किलोमीटरच्या अंतरातला आहे.

या पाण्याला आज आपण दोन प्रश्न विचारणार आहोत. तू आलेस कुठून? आणि तू जाणार कुठे? प्रश्न शाळकरी वाटतील. पण त्यांच्या उत्तरांत तीनशे वर्षांचे विज्ञान आहे आणि मुळशी पेट्यातल्या माणसांच्या नशिबाची कहाणीही आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी पाहू. मुळा ही पूर्वेकडे वाहणारी नदी. मुळशीहून ती पुण्याकडे येते, संगमावर मुठेला भेटते, मुळा-मुठा होऊन भीमेला मिळते. तीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वळसा घेते, पुढे रायचूरजवळ कृष्णेत मिसळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे मुळशीच्या डोंगरावर पडलेला थेंब अरबी समुद्रापासून जेमतेम साठ किलोमीटरवर असतो. पण तिकडे पाठ फिरवून तो सारे दख्खन ओलांडतो. निसर्गाने आखलेली वाट ही.

माणसाने ती बदलली. मुळशीच्या धरणात साठवलेले पाणी १९२७ पासून बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला, भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरते. ही उडी सुमारे ५०० मीटरची आहे. तिथे वीज करून ते कुंडलिका नदीत येते. कोलाडला सकाळी जी तराफ्यांची धमाल चालते, ती या सोडलेल्या पाण्यावरच. पुढे रोह्याजवळून जाऊन हे पाणी रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. धरण भरले की जादा पाणी मुळेतही सोडतात. परंतु साठवलेल्या पाण्याची मुख्य वाट पश्चिमेचीच. पंढरपूरमार्गे एका समुद्राला जाणारे पाणी आता रोह्यामार्गे दुसऱ्या समुद्राला जाते.

आता पहिला प्रश्न. हे पाणी आले कुठून? "समुद्रातून," असे कोणीही सांगेल. पण समुद्रातून इतके पाणी खरोखर वर जाते का, हे तराजूने तोलून पाहण्याचे श्रेय एडमंड हॅली या इंग्रज शास्त्रज्ञाकडे जाते. धूमकेतूवाला हॅली तो हाच. विशीत असताना तो दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर ताऱ्यांची यादी करायला गेला होता. तिथल्या डोंगरावर रात्री इतके दव साचे, की दुर्बिणीच्या काचा त्याला वरचेवर पुसाव्या लागत. ताम्हिणीत चष्मा लावून फिरलेल्यांना हा त्रास वेगळा सांगायला नको. समुद्राची हवा डोंगराला भिडली की पाणी होते, हे त्या काचांनी त्याला शिकवले.

पुढे १६८६ मध्ये हॅलीने व्यापारी वारे आणि आपले मोसमी वारे यांवर निबंध लिहिला आणि वाऱ्यांचा नकाशा छापला. उन्हाने जमीन आणि समुद्र सारखे तापत नाहीत, आणि या विषमतेतून वारे वाहतात, अशी त्याची मांडणी होती. लगेच पुढच्या वर्षी त्याने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका भांड्यात समुद्राइतके खारट केलेले पाणी घेतले, ते उन्हाळ्यातल्या हवेइतके कोमट ठेवले, भांडे तराजूला टांगले आणि दोन तासांत वजन किती घटते ते पाहिले. त्यावरून त्याने भूमध्य समुद्राचा हिशेब मांडला. नद्या जितके पाणी आणून ओततात, त्याहून अधिक पाणी ऊन उडवून नेते, असा निष्कर्ष निघाला.

या वाफ होण्यात एक मर्म दडले आहे. चुलीवर पाण्याचे पातेले ठेवा. पाणी उकळीला यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता ते सगळे वाफ होऊन जायला लागते. ही उष्णता वाफेबरोबर जाते. समुद्राने दिलेली उष्णता वाफेत लपून शेकडो मैल प्रवास करते आणि सह्याद्रीवर वाफेचे पाणी झाले की तिथल्या आकाशात मोकळी होते. तिच्यामुळे हवा आणखी वर चढते आणि ढगांना बळ मिळते. मुळशीवर समुद्राचे पाणी पडते, तसे समुद्राने साठवलेले ऊनही तिथेच खर्ची पडते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पावसाकडे उद्योगाची नजर वळली. घाटमाथ्यावर अफाट पाऊस आणि लगेच पलीकडे कोकणाचा सरळ कडा. वीज करायला याहून सोयीची जागा कोणती? टाटांच्या योजनेतून खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या गिरण्यांना आणि कारखान्यांना वीज हवी होती. तिसरी जागा ठरली मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ, मुळशी पेट्यात.

पण ती जागा रिकामी नव्हती. खोऱ्यात भातखाचरे होती, आंबेमोहोर पिकत होता. पन्नासच्या वर गावे आणि सुमारे ११ हजार माणसे या धरणाने उठणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबले. हाच मुळशीचा सत्याग्रह. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी मिळाली ती या लढ्यात. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्या बरोबर होते. बायकाही पुढे होत्या. गांधीजींनी 'यंग इंडिया'त त्याच महिन्यात या प्रश्नावर लिहिले. "जान किंवा जमीन" ही मावळ्यांची घोषणा होती.

लढा जवळजवळ चार वर्षे चालला आणि हरला. सरकारने भूसंपादनाचा कायदा लावला. पुण्यात राहणाऱ्या सावकारांच्या नावावर पुष्कळ जमिनी होत्या. त्यांना खाचरांपेक्षा भरपाईच्या रकमेत अधिक रस होता. अखेरच्या टप्प्यात बापटांनी कामावरची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर इतिहास लिहिला आहे. जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन, असे त्याला त्यांनी म्हटले.

त्या वेळी कागदावर जो हिशेब झाला, त्यात पावसाचे इंच होते, पाण्याच्या उडीची उंची होती, विजेची किंमत होती. समुद्र मात्र कुठेच नव्हता. दर वर्षी जूनमध्ये पाऊस येईल आणि तळे भरेल, हे गृहीतच होते. समुद्र म्हणजे न आटणारी विहीर, असेच सगळे धरून चालले होते.

तसे नाही, अशी शंका येऊ लागली होती. मुळशीचा लढा चालू होता त्याच वर्षांत भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जुळवत बसले होते. प्रशांत महासागरावरचा दाब आणि आपला पाऊस यांचे नाते आहे, असे त्यांना त्या आकड्यांत दिसले. १९२४ मध्ये त्यांनी या झोक्याला नाव दिले. भिऱ्याचे केंद्र सुरू झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, हवामान खात्याचे कार्यालय शिमल्याहून पुण्यात आले. पुणेकर आजही त्या इमारतीला शिमला ऑफिस म्हणतात. पण समुद्राच्या पोटात काय चालते, हे पाहायला तिथे साधन नव्हते.

ते मिळायला साठचे दशक उजाडावे लागले. १९५९ ते १९६५ या काळात डझनभराहून अधिक देशांच्या सुमारे चाळीस जहाजांनी हिंदी महासागर पिंजून काढला. आपल्या नौदलाचे 'किस्तना' हे जहाज त्यात होते. मुंबईत कुलाब्याला हवामानाचे आंतरराष्ट्रीय केंद्र उघडले. १९६२ मध्ये पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था सुरू झाली. पाषाणला आहे तीच ही. १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावला येथे आज तिचे मुख्यालय आहे.

या मोहिमेच्या आकड्यांतून एक वाद उभा राहिला आणि तो थेट मुळशीच्या पावसाचा होता. पुण्याच्या संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी यांनी १९६५ मध्ये मांडले, की आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून आत येणारी वाफ मुख्यतः अरबी समुद्रातून उठते. पुढे १९७३ मध्ये पुण्याच्याच साहा आणि बावडेकर यांनी नव्याने हिशेब केला आणि उत्तर वेगळे आले. विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडून येणारी वाफ अरबी समुद्राच्या स्वतःच्या वाफेपेक्षा जास्त आहे, असे त्यांना आढळले. मधल्या काळात, १९६९ मध्ये, फिंडलेटर यांनी केनिया-सोमालियाच्या बाजूने येणाऱ्या जोरदार वाऱ्याच्या झोताचे वर्णन केले होते. ही वाफ वाहून आणणारी गाडी तीच. आज या दोन्ही वाटा मान्य आहेत. म्हणजे ताम्हिणीत इरल्यावर आपटणाऱ्या सरीत मादागास्करच्या पलीकडचे पाणीही असते.

आता समुद्राच्या स्वभावाकडे वळू. समुद्राचे पाणी दोन गोष्टींनी जड-हलके होते, उष्णतेने आणि मिठाने. तापले की हलके होऊन वर राहते. खारट झाले की जड होऊन खाली जाऊ पाहते. या दोन गोष्टींच्या ओढाताणीत वारा हा तिसरा गडी आहे. तो वरचे आणि खालचे पाणी घुसळतो.

आपल्या देशाच्या दोन बाजूंचे समुद्र एकाच अक्षांशांवर आहेत, पण भावंडे असून स्वभाव निराळे. अरबी समुद्रात नद्या कमी आणि बाष्पीभवन जास्त, म्हणून तो खारट. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेपासून कृष्णा-गोदावरीपर्यंत साऱ्या नद्या गोडे पाणी ओततात. ते हलके पाणी वर झाकणासारखे बसते. वाऱ्याला ते सहज घुसळता येत नाही, म्हणून तो समुद्र वरून गरमच राहतो आणि तिथे ढग व वादळे वारंवार उठतात.

अरबी समुद्राचे वागणे त्याहून चमत्कारिक. मे महिन्यात तो सर्वांत गरम असतो, ३० अंशांच्या आसपास. जूनमध्ये मोसमी वारे सुटतात, पाणी घुसळून काढतात आणि सोमालियाच्या किनाऱ्याजवळ तळचे गार पाणी वर येते. भर उन्हाळी सूर्य डोक्यावर असताना हा समुद्र गार होत जातो. आपला पाऊस ज्याच्या वाफेवर चालतो, तो समुद्र पावसाळ्यातच थंडावतो. थंडीतही असेच काही घडते. जमिनीवरून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याने उत्तरेकडचे पाणी गार आणि खारट होऊन खाली बसते, त्याच्या जागी खालचे पोषक पाणी वर येते आणि सूक्ष्म वनस्पती फोफावतात. कोळ्यांची मासळी शेवटी त्यावरच वाढते.

मग समुद्र किती तापला म्हणजे ढग उठतात? यावर मोलाचे काम केले सुलोचना गाडगीळ यांनी. त्यांचा जन्म पुण्याचा, शिक्षण फर्ग्युसनचे आणि पुढे हार्वर्डचे. परतल्यावर काही काळ त्या पुण्याच्या संस्थेत होत्या, नंतर बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८४ मध्ये जोसेफ आणि जोशी यांच्यासह त्यांनी दाखवले, की समुद्राचा पृष्ठभाग सुमारे २८ अंशांच्या वर गेला तरच मोठे, संघटित ढग उठायला अनुकूलता येते. उंबरठा ओलांडल्यावर मात्र जितके तापमान अधिक तितके ढग अधिक, असे सरळ गणित उरत नाही. समुद्र तापला म्हणजे पाऊस वाढेल, या समजुतीला हा पहिला धक्का होता.

याच्या जोडीला १९९९ मध्ये हिंदी महासागराचा स्वतःचा झोकाही सापडला. कधी त्याची आफ्रिकेकडची बाजू अधिक तापते, कधी इंडोनेशियाकडची. त्या शोधात भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञ बरोबरीने होते. आता समुद्रात फिरणारे स्वयंचलित तरंगते मापक दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपासूनचे तापमान आणि क्षारता उपग्रहामार्फत कळवतात. हॅलीच्या भांड्यापासून आपण इथवर आलो.

आणि नेमक्या याच वेळी समुद्र बदलू लागला आहे. पाषाणच्या संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंशाने वाढले. आकडा किरकोळ वाटेल. पण हवा एका अंशाने तापली, की वाफ धरण्याची तिची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. दुसऱ्या बाजूने, समुद्रही तापल्यामुळे जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातली तफावत कमी होते आणि मोसमी वाऱ्यांचा जोर मंदावू शकतो. ही तफावत हॅलीने सांगितलेलीच. त्यामुळे निष्कर्ष विचित्र दिसतो. मध्य भारताच्या पट्ट्यात एकूण पाऊस घटल्याचे आढळले. आणि १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना मात्र तिपटीने वाढल्याचे २०१७ च्या अभ्यासाने सांगितले. पाऊस संथपणे येत नाही. दडी मारतो आणि मग एकदम कोसळतो.

मुळशीने याची चव घेतली आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि घाट चढून पुणे जिल्ह्यात शिरले. कुंडलिकेच्या मुखापासून मुळशी-मावळापर्यंत घरांची छपरे उडाली. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्याच्या वर्षभराच्या पावसाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग, एका दिवसात. घाटात दरड कोसळली आणि पुण्यात मुठेकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. एका दिवसाच्या पावसाचे खापर एकट्या तापलेल्या समुद्रावर फोडणे चूक ठरेल. ताम्हिणीला मोठा पाऊस नवा नाही. पण असे दिवस वारंवार येऊ लागले, तर जुन्या सरासरीवर बेतलेले सगळे हिशेब पुन्हा मांडावे लागतील.

आणि हिशेब तर रोज मांडले जात आहेत. मुळशीचे पाणी पुन्हा पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात वळवावे, ही मागणी जुनी आहे. पुण्याची तहान वाढते आहे, सोलापूरकडे टंचाई आहे. पश्चिमेला वीज आहे आणि सोडलेल्या पाण्यावर जगणारे कुंडलिकेचे खोरे आहे. दोन्ही बाजूंचे दावे खरे आहेत. वाटप मात्र दोघेही जुन्या समुद्राने दिलेल्या पावसाचे करत आहेत.

श्रोतेहो, १९२१ च्या हिशेबात दोन गोष्टी सुटल्या होत्या. एक समुद्र आणि दुसरी म्हणजे खोऱ्यातली माणसे. समुद्राला मोजायला आपण शिकलो. त्यासाठी पुण्यापासून गोव्यापर्यंत संस्था उभ्या केल्या. माणसांचे काय? धरणाने उठवलेल्या गावांचे वंशज त्याच डोंगरउतारांवरच्या वाड्यांत राहतात. तळे भरते ते त्यांच्या पूर्वजांच्या खाचरांवर, आणि दरड येते ती त्यांच्या घरामागे. पाऊस बेभरवशाचा झाला की पहिली चुकते ती त्यांची भातलावणी. पाण्याच्या नव्या वाटपात पहिला प्रश्न त्यांचा असायला हवा: इशारा त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचतो का, धोक्याच्या उताराखालची घरे सुरक्षित जागी गेली का, आणि त्यांच्या घोटभर पाण्याची सोय झाली का?

ताम्हिणी, दावडी, डोंगरवाडी, शिरगाव या घाटमाथ्यावरच्या ठिकाणचे पावसाचे आकडे पावसाळ्यात आपण वर्तमानपत्रात वाचतो. पुढच्या वेळी ते वाचाल तेव्हा आधी पश्चिमेकडे पाहा, कारण तो आकडा समुद्राने पाठवलेला असतो. आणि मग त्या गावांकडे पाहा, कारण तो झेलला आहे तिथल्या माणसांनी.